कार्बोरेटर, इंजेक्शन आणि व्हर्नाचे मंगळवार

७ मे, मंगळवार

स्वच्छ ऊन. घाटमाथ्यावर अजून बर्फ.

काउंटीच्या रस्ते खात्यात रस्त्यावरचा बर्फ सारणारा नांगर चालवायचो तोवर रोजची नोंद लिहावीच लागायची. निवृत्त झालो आणि वही सुटली. आज पुन्हा धरली, कारण डोकं फिरलंय, आणि ते बायकोपुढे, व्हर्नापुढे, जास्त वेळ फिरवलं की ती उठून परसात जाते.

काल शेजारची ग्लेनिस आली होती. आमच्या ऑल्डर फोर्क गावात चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक म्हणजे ग्लेनिसचं राज्य. या मिरवणुकीत माझी हिरवी म्हातारी, अडुसष्ट सालची पिकअप, सगळ्यांच्या पुढे झेंडा लावून चालते. आमचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षापासून हा मान आमचा. पण गेल्या वर्षी म्हातारी चर्चसमोर बंद पडली, मागून बँडवाले एकमेकांवर आदळले आणि शेवटी अग्निशमन दलाच्या पोरांनी तिला ढकलत नेलं. ग्लेनिस व्हर्नाच्या हातची रूबार्बची आंबटगोड पाई खात खात म्हणाली, "लाइल, यंदा गाडी न थांबता चालेल अशी खात्री दे. नाहीतर हॅस्किनचे एक गृहस्थ आपली लाल गाडी द्यायला तयार आहेत. चकाचक आहे."

पाई आमची, आणि खाऊन माझ्याच तोंडावर हे बोलायचं. आणि हॅस्किनचा माणूस. घाटापलीकडचा.

व्हर्ना आज गोधडीला गेली नाही. दर मंगळवारी हॅस्किनला बायका मोठ्या चौकटीभोवती बसून गोधडी शिवतात. व्हर्नाची जागा खिडकीजवळची, उजेडाची. तिची छोटी गाडी गेल्या ऑक्टोबरात एका एल्क हरणाने आडवं येऊन मोडली. एल्क उठून चालता झाला, गाडी नाही उठली. तेव्हापासून घरात गाडी म्हणजे म्हातारी एकटीच. तशी काही अडचण नाही. व्हर्नाला कुठे जायचं असलं की मी आहेच. पण अलीकडे ती विचारतच नाही. गोधडीतला तिचा रस संपलेला दिसतो.

१० मे

मर्ल टटल येऊन गेला. माझा सगळ्यात जुना दोस्त आणि कार्बोरेटरचा कट्टर भक्त. मी नुसतं म्हटलं, की बेनिताच्या गॅरेजात हल्ली जुन्या गाड्यांना कार्बोरेटर काढून पेट्रोल मोजून आत फवारणारं इंजेक्शन बसवून देतात. मर्लने कॉफीचा मग खाली ठेवला.

"म्हणजे कॉम्प्युटर घालणार तू तिच्यात?"

"छोटासाच असतो म्हणे."

"लेका, कार्बोरेटर बिघडला तर रस्त्यात एका स्क्रूड्रायव्हरने उघडता येतो. ते इंजेक्शन बिघडलं तर काय करशील? त्याला धीर देशील? आणि ऐक, तुझी गाडी तुझ्याशिवाय कुणाला सुरू करता येते का? नाही ना? यासारखं कुलूप नाही. इंजेक्शन बसवलंस की कुणीही उठेल, किल्ली फिरवेल आणि चालता होईल."

हे मात्र मला पटलं. म्हातारी सुरू करायची म्हणजे कसब आहे. थंडीत पेडल दोनदा दाबायचं, चोक निम्मा ओढायचा, थोडं थांबायचं, मग आणखी एकदा हलकेच दाबून किल्ली फिरवायची. इंजिन तापलेलं असलं तर पेडल पार खाली दाबून धरायचं आणि अजिबात पंप करायचं नाही. चुकलात तर इंजिन पेट्रोल पिऊन फुगून बसतं. व्हर्नाने खूप वर्षांपूर्वी एकदा रविवारी चर्चच्या वेळेला प्रयत्न केला होता आणि आम्ही प्रार्थना संपल्यावर पोचलो होतो. तेव्हा मी जरा बोललो तिला. नंतर तिने किल्लीला हात लावला नाही. तिच्या बापाच्या शेतावर ती बारा वर्षांची असल्यापासून धान्याचे ट्रक चालवायची म्हणे, पण ते ट्रक वेगळे.

१४ मे, मंगळवार

ऊन कडक. वारा जोराचा.

सकाळी मर्लच्या सल्ल्याने इलाज केला. म्हातारीचं खरं दुखणं असं की चढावर किंवा उन्हात हळू चालताना नळीतलं पेट्रोल उकळतं, त्याची वाफ होते आणि इंजिन उपाशी मरतं. आमच्या गावाच्या उंचीवर तर ते आणखी लवकर उकळतं. यावर इथला जुना उपाय म्हणजे पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावायचे. लाकूड उष्णता शोषून घेतं. माझा बाप लावायचा, मर्लचा बाप लावायचा. बेनिताला हे सांगितलं तेव्हा ती हसली होती, पण ती आत्ताची मुलगी.

चिमटे होते व्हर्नाच्या दोरीवर. मी सगळे काढले. दोरीवर चादरी आहेत हे दिसलं होतं, पण वाऱ्याचं लक्षात आलं नाही. एक चादर ग्लेनिसच्या घोड्याच्या डोक्यावर जाऊन बसली आणि घोडा कुंपण ओलांडून शाळेपर्यंत गेला.

व्हर्ना शांतपणे म्हणाली, "लाइल, तुझ्या गाडीला माझे चिमटे लागतात. मला मात्र तुझी गाडी लागली तर अर्ज करावा लागतो."

घोडा पकडायच्या गडबडीत मी नीट ऐकलं नाही. गोधडीला आजही गेली नाही ती.

२१ मे, मंगळवार

आज लिहायला बरंच आहे.

मर्लने स्वतःच्या हाताने साफसूफ करून, उंचीवरच्या विरळ हवेसाठी पेट्रोलच्या बारीक भोकाच्या तोट्या घालून एक कार्बोरेटर दिला होता. रविवारी आम्ही तो बसवला. गावात म्हातारी मांजरासारखी गुरगुरत फिरली. मी खूश. म्हटलं, खरी परीक्षा घाटावर. आणि मंगळवार असल्यामुळे व्हर्नाला आपण होऊन विचारलं, "चल, तुला गोधडीला सोडतो."

तिने इतक्या झटकन शिवणाची पेटी उचलली की मला नवल वाटलं. रस संपला होता ना?

माथ्याच्या शेवटच्या वळणाआधी म्हातारी खोकली, दोन आचके दिले आणि थांबली. सगळे चिमटे जागेवर होते. मी फडकं बर्फात घोळवून पंपावर धरलं. नळीवर बर्फ चोळला. वाट पाहिली. किल्ली फिरवली. पुन्हा वाट पाहिली. व्हर्ना रस्त्याकडेच्या दगडावर बसून अंड्याचं सँडविच खात होती. तिने माझ्यासाठीही एक आणलं होतं. म्हणजे ती तयारीनेच आली होती.

मी म्हटलं, "उशीर होतोय ना तुला?"

"आता काय उशीर. मार्जोरी बसली असेल माझ्या जागेवर. ऑक्टोबरपासून तीच बसते. गेल्या महिन्यात ग्लेनिस सांगत होती, त्यांनी तिच्या उंचीची खुर्चीसुद्धा आणली तिथे."

"काढली पाहिजे ही कटकट. मिरवणूक सहा आठवड्यांवर आली आणि हिचे हे नखरे. ग्लेनिस त्या लालवाल्याला पुढे घालेल, बघ."

व्हर्नाने सँडविचचा कागद घडी करून खिशात घातला आणि माझ्याकडे पाहत म्हणाली, "लाइल, त्यात काय बसवायचं ते बसव. मला इंजिनातलं काडीचं कळत नाही. मला एवढंच हवंय की किल्ली फिरवली की गाडी सुरू झाली पाहिजे. कुणीही फिरवली तरी."

कुणीही म्हणजे काय ते मला बरोबर कळलं. उद्या माझे गुडघे गेले तर एखादा चालक ठेवावा लागेल. किती लांबचा विचार करते ही माझ्यासाठी. फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

म्हातारी सुरू झाली तेव्हा गोधडीची वेळ संपली होती. आम्ही तिथूनच परत फिरलो. उतारावर व्हर्ना डोळे मिटून बसली होती. दमली असेल.

२४ मे

बेनिता आर्चुलेटाच्या गॅरेजात गेलो. व्हर्नाही आली. गॅरेजात तिने आजवर कधी पाऊल टाकलं नव्हतं. बेनिताने आम्हाला हिरव्या मिरचीचे बरिटो दिले आणि म्हातारीचं बॉनेट उघडलं. चिमटे दिसले तसे एकेक काढून व्हर्नाच्या हातात ठेवत गेली.

मी तिला सरळ विचारलं, "माझ्या जागी तुझा बाप असता तर काय सांगितलं असतंस?"

ती म्हणाली, "बाबांना दोन्ही सांगितलं असतं. कार्बोरेटर वाईट नाही, लाइल. गावातल्या गावात फिरायचं असेल आणि चालवणारे तुम्ही एकटेच असाल, तर आहे तोच मी नीट लावून देते. तुमच्या पायाला त्याची सवय आहे. पण घाट चढायचा, पलीकडे उतरायचं, परत यायचं, तर इंजेक्शन हवेप्रमाणे आपलं आपण जुळवून घेतं. टाकीत पंप बसतो, तो पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो, त्यामुळे वाफेचा त्रास जवळजवळ जातोच. मात्र वायरिंग नीट करावं लागेल, आणि ते बिघडलं तर रस्त्यात तुम्हाला काही करता येणार नाही. मर्ल म्हणतात त्यात तथ्य आहे. मला आधी हे सांगा, गाडी चालवणार कोण?"

"म्हणजे काय? मीच."

बेनिता व्हर्नाकडे बघत राहिली. मग व्हर्नानेच सुरुवात केली. थंडीत पहिल्या फिरवण्यात सुरू होते का? चोक ओढायला लागतो का? दुकानापुढे बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू केली तर? चढावर थांबून निघायचं झालं तर?

मिरवणुकीत दुकानापुढे थांबायचं नसतं आणि आमचा रस्ता सपाट आहे, पण मी तिला तोडलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्या गाडीत एवढं लक्ष घातलं. घरी येताना मी तसं बोललोही. ती खिडकीबाहेर बघत हसली.

बेनिताला हो सांगितलं. मर्लला अजून सांगितलेलं नाही.

२८ मे

मर्लला सांगितलं. दोन दिवस बोलणार नाही म्हणाला. अर्ध्या तासात परत आला, कारण त्याला त्याचा कार्बोरेटर हवा होता.

१४ जून

म्हातारी घरी आली.

आमच्या गाडीची टाकी सीटच्या मागेच आहे. किल्ली अर्धी फिरवली की पाठीमागे नवा पंप गुणगुणतो, गुणगुण थांबली की किल्ली पुढे ढकलायची. बस. पहिल्यांदा मी सवयीने पेडल दोनदा दाबलं तर बेनिता म्हणाली, "पाय खाली ठेवा, लाइल. तुम्हाला काही करायचं नाही."

काही करायचं नाही. इंजिन सुरू झालं आणि एका लयीत चालत राहिलं. उन्हात तासभर तसंच ठेवलं, हूं की चूं नाही. घाट चढवला. माथ्यावर बर्फगार वाऱ्यात उभा राहून ऐकलं. इतकं गोड चालत होतं की मला रडू यायचं बाकी होतं, आणि निम्मं ते आनंदाचं नव्हतं. चाळीसेक वर्षं या गाडीला माझी गरज होती. आता तिला कुणीही चालतं.

व्हर्नाला म्हटलं, "ये, बघ तरी." ती आली, माझ्याकडून किल्ली घेतली, फिरवली, ऐकलं, बंद केली, पुन्हा फिरवली. असं तिने चार-पाच वेळा केलं. मी म्हटलं, खेळणं आहे का ते? ती म्हणाली, "खात्री करून घेते."

ग्लेनिसने येऊन ऐकलं आणि मान डोलावली. यंदा पुढे आम्हीच. हॅस्किनच्या लाल गाडीला तिसरा नंबर, घोड्यांच्या मागे. तिथे रस्त्यावर काय काय पडलेलं असतं ते त्याला कळेलच.

२५ जून, मंगळवार

जेवून जरा आडवा झालो. उठलो तर चार वाजून गेलेले आणि अंगणात म्हातारी नाही.

किल्ली गाडीतच असते, ऑल्डर फोर्कमध्ये सगळ्यांचीच असते. मी घरभर व्हर्नाला हाका मारल्या. तीही नव्हती, ग्लेनिसकडे गेली असणार. मर्लला फोन केला.

"म्हटलं होतं की नाही," मर्ल म्हणाला. त्याला इतका आनंद झाला होता की त्याचं त्यालाच लपवता येईना. "म्हटलं होतं की नाही, कुणीही येईल, किल्ली फिरवेल? शेरीफला नंतर कळवू. चोर घाटाकडेच गेला असणार. मी आलोच."

मर्लच्या पिकअपमधून आम्ही निघालो. वाटभर तो मला ऐकवत होता. कार्बोरेटर असता तर चोर अजून अंगणातच किल्ली फिरवत बसला असता. मी ऐकून घेत होतो.  माथ्याच्या शेवटच्या वळणाआधी त्याची गाडी खोकली, दोन आचके दिले आणि थांबली.

आम्ही दोघं खाली उतरलो. मर्लने नळीवरचे चिमटे तपासले. मी बर्फ आणायला निघालो तर जूनच्या अखेरीला बर्फ कुठला. तेवढ्यात पलीकडून माथा ओलांडून एक गाडी आली. हिरवी. झेंड्याची काठी लावायचा खांब मागे तसाच. मस्त वेगात, एका लयीत. चालवत होती व्हर्ना. खिडकी उघडी, केस सगळे उडालेले. आम्हाला बघून तिने भर घाटातच गाडी थांबवली, बंद केली आणि विचारलं, "तुम्ही दोघं इथे काय करताय?"

मर्ल म्हणाला, "चोर शोधतोय."

"सापडला का?"

मर्लने पुन्हा चिमटे तपासायला घेतले.

त्याची गाडी कडेला ठेवली. मर्ल मागे उघड्या हौद्यात बसला. मी चालवायला पुढे झालो तर व्हर्ना जागची हलली नाही. मग मी दुसऱ्या बाजूने जाऊन तिच्या नेहमीच्या सीटवर बसलो.

म्हटलं, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, मी सोडतो."

"मग सोडलंच असतं की."

"तेच," ती म्हणाली आणि किल्ली फिरवली.

या 'तेच'चा मी वाटभर विचार करत होतो, पण नीट करता येईना. सीटची एक स्प्रिंग डाव्या मांडीत टोचत होती. उन्हं सगळी याच बाजूला. काच खाली घ्यायला गेलो तर हँडलच नाही, नुसता खिळा. पायाशी इंजिनाची धग येत होती. ही गाडी मी तिच्या नटबोल्टांसकट ओळखतो असं मला वाटायचं, आणि या जागेवर मी आज पहिल्यांदा बसलो.

व्हर्ना सगळा वेळ बोलत होती. मार्जोरीने उठून खिडकीजवळची जागा दिली. ती म्हणाली, जागा फक्त राखून ठेवली होती. गोधडीच्या कोपऱ्यातला तारा उसवून पुन्हा शिवायला लागला, कुणाला जमतच नव्हता. पुढच्या मंगळवारी व्हर्ना गावातल्या आणखी दोघींना घेऊन जाणार आहे. घाटात एका ठिकाणी थांबून तिने निळी फुलं बघितली, उगीचच, कुणाला घाई नव्हती म्हणून. एवढं ती वर्षभरात माझ्याशी बोलली नव्हती. मी तिला विचारलं, "हे इथे टोचतं ते?"

"सवय होते," ती म्हणाली.

२७ जून

दुपारभर गाडीच्या उजव्या बाजूला, व्हर्नाच्या सीटपाशी होतो. दार उघडून काचेची यंत्रणा साफ केली, नवं हँडल लावलं, स्प्रिंगवर जाड कॅनव्हास शिवला, पायाशी धग अडवायला पत्रा ठोकला. एका दुपारचं काम.

व्हर्ना कॉफी घेऊन आली. "काय चाललंय?"

"मिरवणुकीत तू चालवशील ना? मग मला इथे बसावं लागेल. एवढा वेळ या स्प्रिंगवर कोण बसणार?"

ती कॉफीचा मग हातात धरून उभी राहिली. मग हसायला लागली. इतकी हसली की कॉफी सांडली. "लाइल, ही काच खाली येत नाही हे मी तुला किती वेळा सांगितलं असेल?"

"सांगितलं होतंस?"

"दर उन्हाळ्यात. इंजिनात एक थेंब इकडचा तिकडे झाला तरी तुला ऐकू येतं रे."

चिडली असती तर बरं झालं असतं. ती खरंच हसत होती. मी खाली मान घालून स्क्रू आवळत राहिलो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, लिहून ठेवतो.

४ जुलै

ऊन कडक, वारा नाही, मिरवणुकीला याहून वाईट हवा नसते. म्हातारी एकदाही अडखळली नाही. बेनिता फुटपाथवरून अंगठा दाखवत होती. मर्ल तिच्या शेजारी उभा होता आणि तिला काहीतरी विचारत होता. कानामागे हात धरून इंजिन ऐकताना मी त्याला पाहिलं.

निघताना मी व्हर्नाला म्हणालो, "क्लच जरा हलक्या पायाने सोड, आणि बँकेपुढे खड्डा आहे, तो—"

"लाइल," ती म्हणाली, "आता गप्प बस आणि हात हलव."

मला कळलंच नाही. "कुणाला?"

"सगळ्यांना. या सीटवरच्या माणसाचं तेच काम असतं."

काच खाली करून मी हात बाहेर काढला. मिरवणुकीत मी नेहमी इंजिनाकडे कान लावून समोरच्या रस्त्याकडे बघत आलोय, माणसांकडे कधी पाहिलंच नव्हतं. दोन्ही बाजूंना अख्खं गाव उभं होतं. ग्लेनिसच्या घोड्याला कुणीतरी टोपी घातली होती. खांद्यांवर बसलेली पोरं ओरडत होती, काही म्हातारे मला नावाने हाका मारत होते, आणि उत्तर द्यायचं काम माझंच होतं. चर्चपर्यंत पोचलो आणि माझा खांदा भरून आला.

"तुझा हात दुखायचा?" मी विचारलं.

"दर वर्षी."

"मग बोलली का नाहीस?"

व्हर्नाने रस्त्यावरची नजर हलवली नाही, पण ती हसत होती. "कुणाला सांगू? तू इंजिन ऐकत होतास."

 हात बदलून, जरा तिरका बसून, अग्निशमन दलाच्या इमारतीपर्यंत हलवत राहिलो.